अळंबीचे दिवस, दगडफुलाची वर्षं

जुन्नरच्या रविवारच्या बाजारात अळंबी आली की मला गल्ल्यावर बसवत नाही. पश्चिमेच्या डोंगरातून पहिल्या जीपनं उतरलेल्या बायका चवईच्या, म्हणजे रानकेळीच्या, हिरव्या पानांवर तिचे वाटे मांडतात. मळकट पांढऱ्या छत्र्या, लांब देठ, देठाला वारुळाची तांबडी माती. दुपार झाली की कडा काळ्या पडू लागतात, म्हणून विकणारीला घाई असते आणि घेणारीलाही. माझ्या मसाल्याच्या दुकानातून रस्त्यापलीकडचं हे सगळं दिसतं. मिरचीच्या ठसक्यातून, धण्याच्या वासातून, कांडप मशिनच्या धडधडीतून त्या ओल्या मातीचा वास माझ्यापर्यंत खरंच पोचतो की मला नुसतं तसं वाटतं, सांगता येत नाही. पण मी उठते, बसते, पुसलेला काटा परत पुसते, गिऱ्हाइकाला विनाकारण टाकून बोलते. श्रावण संपेपर्यंत माझं असंच चालतं.

कारण त्या बायकांत चंद्राबाई बसलेली असते, आणि ती माझ्या पायरीवर येत नाही.

आधी ती जीपमधून उतरली की थेट माझ्याकडे यायची. पाटी पायरीवर टेकवायची, पदरानं तोंड पुसायची आणि चहा येईपर्यंत मढ गावाच्या वरच्या अंगाला, तिच्या वाडीत काय काय घडलं ते सांगायची. कोणाची लावणी उरकली, कोणाची म्हैस धरणाच्या गाळात रुतली, घाटात कोणता शहाणा फोटोसाठी कठड्यावर चढला. पाटीत वर अळंबी असायची आणि खाली फडक्यात बांधलेलं दगडफूल. अळंबी बाजारासाठी, दगडफूल माझ्यासाठी.

दगडफूल तुम्ही खाल्लेलं असतं, बघितलेलं बहुतेक नसतं. काळ्या मसाल्यात ते असतंच. वाळलेल्या, चुरगळलेल्या पानासारखं, वरून राखाडी, खालून काळं. कच्चं हुंगलं तर काहीच नाही, धूळ हुंगल्यासारखं वाटतं. तेलात पडलं की मात्र क्षणभर फुगतं आणि भिजलेल्या सालीचा, जुन्या लाकडाचा, जंगलात फार आत गेल्यावर येतो तसा एक वास सोडतं. तो वास मसाल्याच्या मागे उभा राहतो. पुढे मिरची, लवंग, दालचिनी कितीही नाचोत. बाजारात दगडफुलाची पोती येतात, लांबून, उत्तरेकडच्या डोंगरांतून. माझाही बाकीचा मसाला त्याच पोत्यांवर चालतो. पण चंद्राबाई आणायची ते वेगळं होतं. पान रुंद, कडेला काळी झालर. तिच्या वाडीच्या देवीची राई आहे, तिच्या नावानं राखलेलं रान, त्यातल्या जुन्या झाडांवरचं. ते मी मसाल्याच्या एकाच छोट्या घाण्यात घालायचे, आणि तो घाणा दिवाळीपर्यंत राहायचा नाही. ज्यांनी तो एकदा नेला ते दुसरा मसाला हातात घेऊन, हुंगून, परत ठेवायचे.

मी राजुरीची. शेतकऱ्याघरची, अवसरी खुर्दला दिलेली. तिथं इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांना डबे देता देता माझ्या मसाल्याचं नाव झालं आणि मी जुन्नरला गाळा घेतला. मला कोणी हाताला धरून बसवलेलं नाही. शेजारचे मसालेवाले कांतीशेठ मूळचे राजस्थानकडचे, पण कित्येक पिढ्या जुन्नरात काढलेले, बोलणं आपल्यापेक्षा शुद्ध. त्यांनी पहिल्याच पावसाळ्यात गोड आवाजात मला ऐकवलं होतं की पावसात छत्र्या पुष्कळ उगवतात, ऊन पडल्यावर मोजायच्या. मी तेव्हा त्यांच्याशी दुकानाच्या पाटीवरून, पन्हाळीच्या पाण्यावरून, हातगाडी कुठं लावायची यावरून रोज भांडत होते. त्या वर्षी चंद्राबाई त्यांच्या दुकानावरून पुढे चालत माझ्याकडे आली. तिच्या मालाला मी दहा नावं ठेवली, ओलसर आहे म्हणाले, माती आहे म्हणाले, साल आहे म्हणाले. ती सगळं ऐकून घेऊन खाली बसली. म्हणाली, "तू भांडतीस, म्हंजी माल बघतीस. त्यो शेठ बघतबी न्हाई." त्या दिवसापासून ती माझी आणि मी तिची.

आमचा भाव कधी सरळ ठरला नाही. मी कमी सांगायची, ती गप्प बसायची. गप्प बसण्यात तिच्यासारखं कोणी नाही. दुसरीकडे असते तर मी उठले असते. बाजारात उठून जाण्याची एक रीत असते, ती ज्याला जमत नाही त्यानं धंदा करू नये. ताडकन उठायचं नाही. आधी पदर झाडायचा, पिशवी खांद्याला लावायची, एकदा मालाकडे बघायचं आणि चालू लागायचं, ना जोरात ना हळू. मागून हाक येते. "ओ ताई, या, घेऊन जा." कुठल्या दुकानापाशी येईल तेही पाठीला कळतं. नारायणगावच्या मंडईत, मंचरच्या बाजारात, घोडेगावला, मी अशी हजारदा उठले आहे आणि माझ्या मागे हाक आली नाही असं झालेलं नाही. चंद्राबाईचं माझ्या पायरीवर उलटं चालायचं, कारण तिथं ती पाहुणी आणि मी यजमान. ती पाटी उचलायची आणि हाक मी मारायची. दोघींनाही ठाऊक असायचं की हे होणार आहे. पाटी डोक्यावर चढता चढताच ती हसायला लागायची.

हे मी एवढं सविस्तर सांगते आहे, कारण पुढचं सगळं यातूनच झालं.

मग एका पावसाळ्यात ती अळंबी घेऊन आली आणि पाटीत खाली फडकं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, औंदा न्हाई. पुढच्या रविवारीही न्हाई. तिसऱ्या वेळी मी भाव वाढवून सांगितला, तेव्हा तिनं पहिल्यांदा माझी नजर चुकवली. मी काय समजायचं? माणूस माल देत नाही म्हणजे कोणीतरी जास्त देतंय. मी कांतीशेठवर संशय घेतला, त्यांच्या गाळ्यात उगाच जाऊन पोती हुंगून आले. त्यांनी विचारलं, ताई, काही सांडलं का आमच्याकडे तुमचं? मी बाहेर पडले.

मग मी स्वतः वर गेले. मढपर्यंत एसटी, पुढं चालत. धुकं असं होतं की भातखाचरातल्या बायकांचे आवाज आधी यायचे आणि बायका नंतर. चंद्राबाईच्या ओटीवर बसून मी भाव सांगितला. तिनं मान हलवली. मी वाढवला. ती म्हणाली की तिचा मुलगा झाला त्या वर्षी तिनं राईतल्या एका हिरड्याची फांदी खरवडली होती. मुलगा आता चाकणला कंपनीत जातो, दाढी करतो, आणि ती फांदी अजून तशीच उघडी आहे. "वाढत न्हाई गं त्ये. आमी न्हाई काढणार आता. वाडीनं ठरवलंय."

मला ते ऐकू आलं. पण भाव करताना माणूस काय काय सांगतो ते मी आयुष्यभर ऐकलेलं आहे. कोणाची आई आजारी असते, कोणाचा माल शेवटचा असतो. मी ते त्याच खणात टाकलं आणि उठले. पदर झाडला. पिशवी खांद्याला लावली. ओटी उतरले, अंगण ओलांडलं, खाचराच्या बांधावर आले. पाऊस बारीक लागला होता. बांध निसरडा होता म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते, मी हळू चालले. वळणावर एक उंबर आहे, तिथं हाक येईल असं माझ्या पाठीनं धरलं होतं. उंबर गेला. ओढा आला. ओढ्याच्या आवाजात ऐकू आली नसेल म्हणून मी पलीकडे जाऊन छत्री मिटून उभी राहिले.

हाक आली नाही.

तेव्हापासून ती माझ्या पायरीवर आलेली नाही आणि मी रस्ता ओलांडलेला नाही. ती समोर बसते. मी इथून बघते. अळंबी संपली की ती एकदा माझ्या दुकानाकडे बघते, पाटी उचलते आणि जाते. कांतीशेठ एकदा म्हणाले, "ताई, मधल्या रस्त्याला टोल लागलाय का?" स्वतः ते चातुर्मासात अळंबीकडे ढुंकूनही बघत नाहीत, पण आमच्या दोघींवर त्यांची बारीक नजर. मी म्हटलं, लागलाय, आणि तुमच्यासारख्यांना डबल आहे. ते हसले. मला हसू आलं नाही. माझ्यासारखीला एक ओटी अशी भेटावी की तिथून उठलं तरी कोणी बोलवत नाही, हे मला गिळता येईना. रात्री घरी जेवताना आमचे मालक म्हणायचे, फोन लाव की तिला. मी म्हणायची, पहिली मी का?

मधल्या काळात पुण्याहून एक विद्यार्थिनी दुकानात आली. झाडांच्या सालीवर काय उगवतं त्याचा अभ्यास करणारी. पाठीवर मोठी सॅक, बुटांना चिखल, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. पोत्यातलं दगडफूल तिनं बघितलं आणि ठेवून दिलं. मग माझ्या डब्यात चंद्राबाईचं मूठभर उरलेलं होतं ते दाखवलं, तर तिनं सॅक खाली ठेवली. भिंगातून कितीतरी वेळ बघत राहिली. म्हणाली, ही जात इकडच्या उतारांवर तिला शोधून सापडत नव्हती. जुनी झाडं गेली की ही जाते, नवीन झाडावर लवकर येत नाही, आणि आता अगदी थोडी उरली आहे. मी पहिलं हेच विचारलं की मग याला काय भाव येईल. ती पोटभर हसली. कुठून आणलं ते मात्र मी तिला सांगितलं नाही. दुसऱ्याच्या मालाचा पत्ता मी देत नाही.

तिनं मला एक सांगितलं ते तेव्हापासून डोक्यात फिरतंय. दगडफूल फूल नव्हे, पान नव्हे, शेवाळही नव्हे. एक बुरशी आणि एक हिरवं बारीक शेवाळ यांनी मिळून मांडलेला तो संसार आहे. बुरशी घर बांधते, शेवाळ रांधतं. आणि अळंबी हीसुद्धा बुरशीच. म्हणजे चंद्राबाईच्या पाटीत वर आणि खाली एकाच कुळातल्या दोघी असायच्या आणि आम्हा दोघींना त्याचा पत्ता नव्हता.

मला अळंबी कळते. ढग गडगडतात, उकडतं, आणि सकाळी वारुळाभोवती ती उभी असते. काल नव्हती, आज आहे, उद्या किडे पडतील. तिच्यापाशी वेळ नाही म्हणून ती लाजत नाही. ती तोडली तरी तिचं खरं अंग खाली जमिनीत राहतं, पुढच्या वर्षी परत वर येतं. माझंही असंच चाललं आहे. जिथं जागा दिसली तिथं डोकं वर काढलं, कोणी तोडलं तर दुसरीकडून काढलं. कांतीशेठ छत्री म्हणाले, त्यात तसं खोटं काही नव्हतं. पण दगडफुलाचा विचार केला की माझा जीव कासावीस होतो. ते नुसतं असतं. उन्हाळाभर कागदासारखं कोरडं, मेल्यासारखं. धुकं आलं की हिरवं होतं, परत कोरडं. वर्षानुवर्षं त्याच फांदीवर, आणि वाढलं किती तर नखाएवढं. त्याला खाली मूळ नाही, मागे काही शिल्लक ठेवलेलं नाही. जे दिसतं तेवढंच ते. खरवडलं की संपलं. असं कोणी जगूच कसं शकतं, मला समजत नाही. मी असते तर झाड बदललं असतं.

आणि तरी मसाल्यात अळंबी घालून चालत नाही.

या श्रावणात पहिल्या रविवारी चंद्राबाईची जागा रिकामी होती. दुसऱ्याही. तिच्या वाडीतल्या एका बाईला मी आडून विचारलं, तर कळलं की चंद्राबाई आता बाजाराला येणारच नाही. माळशेजच्या रस्त्याला पर्यटकांच्या गाड्या थांबतात, तिथंच अळंबी आणि करवंदाचं लोणचं विकते, जीपचं भाडं वाचतं. ऐकून मी दुकानात आले. कशावर बसले ते आठवत नाही. समोर बसलेल्या माणसावर राग धरता येतो. ते माणूस समोरून उठून गेलं तर त्या रागाचं काय करायचं? ती आता म्हातारपणी एकदा कुठल्यातरी लग्नात दिसेल, आणि आम्ही दोघी ओळखीच्या बायकांसारख्या हसू. दोन दिवस मी मशिनवरच्या माणसावर ओरडत काढले. तिसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली.

ती अंगणात अळंबी धूत बसली होती. मला बघून तिनं हात थांबवले नाहीत. बस म्हणाली. मी ओटीवर बसले. तिनं कांदा चिरला, लोखंडी तव्यावर तेल सोडलं, मिरचीची पूड टाकली, अळंबी टाकली. तिला सुटलेलं पाणी आटेपर्यंत आम्ही दोघी त्या तव्याकडे बघत होतो. तांदळाची भाकरी केली. मी जेवले. मीठ कमी होतं, तरी मी बोलले नाही, यावरूनच तिनं ओळखलं असणार की काहीतरी बिनसलं आहे.

हात धुताना माझ्या तोंडून निघालं, "त्या दिवशी हाक का नाही मारलीस मला?"

"कवा?"

"मी उठले तेव्हा. ओढ्याच्या पलीकडं थांबले होते मी. छत्री मिटून."

तिनं तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "पावसाचं, निसरडीचं, वाटंला लागलेल्या माणसाला मागनं हाक मारत्यात व्हय? पाय घसरला असता, काय झालं असतं, म्हंजी कुणाच्या नावावर?"

मी म्हटलं, बाजारात मारतात. माझ्या पायरीवरून तू पाटी उचललीस की मी मारायचे.

"त्यो बाजार हाय. ह्यो घाट हाय, ताई." मग ती म्हणाली की तिला वाटलं मी खरीच रागावून निघाले, उतरेल राग, येईन. नंतर बाजारात ती समोर बसायची तेव्हा दर रविवारी वाटायचं, उठावं आणि यावं. पण मला दगडफूल हवं होतं आणि तिच्याकडे ते नव्हतं. "मोकळ्या हातानं तुझ्या पायरीवर कशी येऊ?"

मला वाटेला लागणाऱ्याला मागून हाक मारू नये हे माहीत नाही का? माझ्या आईनं तेच शिकवलंय. राजुरीत घरातून कोणी बाहेर पडलं की आम्ही जीभ चावायचो. पण बाजारात एवढी वर्षं काढली की ते बाजारात लागू होत नाही हे अंगवळणी पडतं, आणि बाजार कुठं संपतो ते दिसत नाही. चूक माझी होती असं मी म्हणणार नाही. तिचीही नव्हती, हे मान्य करताना मात्र मला फार जड गेलं. एवढा जपलेला राग, आणि त्याला टेकायला कोणाचीच भिंत नाही. हाताला काम हवं म्हणून मी तिची चुलीजवळची भांडी सरळ करायला लागले. ती म्हणाली, राहू दे, तिथंच असत्यात ती.

निघायची वेळ झाली. राईतून गेलं तर वाट जवळ, म्हणून ती दाखवायला आली. आत गेल्यावर पावसाचा आवाज वर राहिला आणि खाली थेंबांचा सुरू झाला. तो हिरडा मी विचारायच्या आधीच ओळखला. खालच्या फांदीची साल एका बाजूला नागडी, गुळगुळीत. वर मात्र, हात पोचणार नाही तिथं, धुक्यानं हिरवं झालेलं दगडफूल, रुंद पान, काळी झालर. दुसऱ्या एका झाडाच्या खोडावर ते अगदी हाताशी होतं. माझी बोटं वळवळली, ते खोटं कशाला सांगू. मी जवळ जाऊन बघितलं. माल इतका जवळ असून मी कधी भाव न करता नुसता बघितला असेल असं मला आठवत नाही. उघड्या फांदीच्या टोकाला, सालीच्या भेगेत, एक राखाडी ठिपका होता. तिळाएवढा. तो दगडफुलाचा होता की सालीचाच डाग, मला ठरवता आलं नाही. चंद्राबाईला विचारलं तर तीही वाकून बघून म्हणाली, देवीला ठाऊक.

राई संपली, ओढा आला. इथून मी एकटी जाणार होते. तिला म्हटलं, येते. तिनं मान हलवली. मी चालू लागले आणि दोन पावलांत ती माझ्या बाजूनं, बांधाच्या कडेनं, चिखलातून पुढं आली. वाट अडवली नाही. डोक्यावरचा प्लास्टिकचा कागद सारखा करून माझ्या पुढं चालू लागली.

मी विचारलं, कुठं निघालीस?

"रस्त्यापत्तोर. बोल तू. मागनं तू बोललीस तर चालतं."

मग मी बोलले. म्हटलं, एक मूठ. वर्षाला एकच मूठ, तीही वाऱ्यानं खाली पडलेली, झाडाला हात न लावता. ती म्हणाली, न्हाई. मी भाव सांगितला. ती म्हणाली, न्हाई. मी म्हटलं, रविवारी अळंबी तरी आणशील ना माझ्या पायरीवर, का तीही पर्यटकांनाच खायला घालणार. ती म्हणाली, बघू, भाडं लई झालंय जीपचं. मी म्हटलं, भाड्याचं मी बघते. ती म्हणाली, अळंबीचा भाव मग येगळा. मी म्हटलं, अगं, दुपारपर्यंत काळी पडते ती. तिनं मागं न बघता सांगितलं की काळी पडायच्या आत घेत जा मग, बाकीच्या बाया घेत्यात.

मला राग आला. चांगला, ओळखीचा, पोटातून वर येणारा राग. रस्ता येईपर्यंत मी भाव वाढवत राहिले आणि ती माझ्या पुढं चालत न्हाई म्हणत राहिली.